नाटकाचा तास कोणाच्या मालकीचा?

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातील शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची धांदल सुरू होते. मांडव पडतो, ध्वनिक्षेपक येतो, पोशाख भाड्याने आणले जातात आणि पंधरा-वीस दिवसांच्या तालमींनंतर एका संध्याकाळी मुले रंगमंचावर उभी राहतात. ज्याचे पाठांतर चांगले, ज्याचे उच्चार ‘शुद्ध’, ज्याच्या घरी पोशाखाचे भाडे भरण्याची ऐपत, त्याच्या वाट्याला राजा किंवा राजकन्या येते. उरलेली मुले मावळे होतात, झाडे होतात किंवा पडदा ओढतात. पहिल्या रांगेत संस्थाचालक, नगरसेवक आणि देणगीदार बसतात. टाळ्या पडतात, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी मांडव उतरतो. त्यानंतर पुढच्या डिसेंबरपर्यंत त्या शाळेचा आणि नाटकाचा काही संबंध उरत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीला २२० दिवस व १००० तास अध्यापन व्हावयास हवे. या सगळ्या तासांत नाटकाच्या वाट्याला येते ती एक संध्याकाळ, आणि तीही तासांच्या हिशेबाबाहेरची.

दुसरे दृश्य उन्हाळ्यातले आहे. एप्रिल-मे महिन्यांत शहरांतून बालनाट्यशिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. मुलांचा आत्मविश्वास वाढेल, सभाधीटपणा येईल, व्यक्तिमत्त्व फुलेल, अशी आश्वासने दिली जातात आणि त्यांचे शुल्क हजारांत आकारले जाते. ज्या मुलाला घरी मुळातच बोलू दिले जाते, त्याला पैसे मोजून आणखी बोलावयास शिकविले जाते. ज्याला घरात, वस्तीत वा वर्गात कोणी कधी काही विचारलेच नाही, ते मूल त्याच सुट्टीत वीटभट्टीवर किंवा चहाच्या टपरीवर असते.

ही दोन दृश्ये वरवर वेगळी दिसली तरी त्यांचे मूळ एकच आहे. एका ठिकाणी नाटक हा शाळेचा दागिना आहे, दुसऱ्या ठिकाणी तो विकावयाचा माल आहे. शिक्षणाचे साधन म्हणून त्याला दोन्हीकडे जागा नाही. नाटक हे शिकण्याचे साधन आहे, ते प्रत्येक मुलाच्या नित्याच्या शाळेत असले पाहिजे आणि त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून झाला पाहिजे, ही मागणी समाजवादी चळवळीने आजवर पुरेशा गांभीर्याने केलेली नाही. शिक्षकांच्या वेतनासाठी, अनुदानासाठी, शुल्कवाढीविरुद्ध मोर्चे निघाले आणि ते निघणे आवश्यकच होते. परंतु वर्गाच्या चार भिंतींत मूल नेमके काय करते, हा प्रश्न ‘शैक्षणिक’ म्हणून तज्ज्ञांवर सोपवून चळवळ मोकळी झाली. वर्गात कोणी बोलावे आणि कोणी गप्प बसावे, हा प्रश्न मात्र पूर्णतः राजकीय आहे.

पाठांतर आणि प्रश्न

शिक्षणात नाटक म्हणजे मुलांकडून नाटक बसवून घेणे, असा समज शिक्षकांत व पालकांत सार्वत्रिक आहे. तो आधी दूर केला पाहिजे. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांपैकी डोरोथी हीथकोट (१९२६-२०११) या इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या कापडगिरणीत कामाला लागल्या होत्या. पुढे नाट्यशिक्षण घेऊन त्या न्यूकॅसल येथे विद्यापीठात शिक्षकांच्या शिक्षिका झाल्या. त्यांचा आग्रह असा की शिक्षकाने स्वतः एखादी भूमिका घेऊन वर्गात उतरावे, मुलांना त्या प्रसंगातील जाणकार माणसे मानावे आणि निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावर टाकावी. तेथे प्रेक्षक नसतात, पोशाख नसतात आणि टाळ्याही नसतात. एक अडचणीचा प्रसंग असतो आणि त्यातून मार्ग काढावयाचा असतो.

समजा, सातवीच्या वर्गात १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला आहे. पुस्तकात त्याविषयी चार ओळी असतील आणि परीक्षेत एका गुणाचा प्रश्न. त्याऐवजी शिक्षिका दार उघडून आत येतात त्या कामावरचा मुकादम होऊन. हातात हजेरीपट आहे आणि वर्गातील तीस मुले म्हणजे खडी फोडावयास आलेले मजूर. मजुरी कामाच्या मापावर मिळणार आहे. ढिगाचे माप कोणी घ्यावयाचे? मुकादमाने कमी माप लिहिले तर तपासणार कोण? ज्या बाईचे मूल आजारी पडले आणि जिला अर्ध्या दिवसात परतावे लागले, तिच्या नावापुढे काय लिहावयाचे? लांबी, रुंदी, उंची आणि दर यांचा गुणाकार मुले स्वतःच्या मजुरीसाठी करू लागतात, तेव्हा घनफळाचा धडा फळ्यावर शिकविण्याची गरज पडत नाही. मजुरी कमी निघते आणि वाद सुरू होतो. कोणी म्हणतो, तहसील कचेरीवर जाऊ. कोणी म्हणतो, मुकादमाशी भांडलो तर उद्या हजेरीच लागणार नाही. मग शिक्षिका हजेरीपट खाली ठेवतात आणि विचारतात, मुकादम असा का वागला? त्याच्या वर कोण आहे? रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, हे पुस्तकातील वाक्य त्या क्षणी मुलांसाठी एका प्रश्नाचे उत्तर बनते. आधी प्रश्न आणि मग उत्तर, हा ज्ञानाचा स्वाभाविक क्रम आहे. पाठांतराच्या शाळेने तो उलटा करून ठेवला आहे.

या तासात आणखी एक गोष्ट घडते आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. वर्गात एखादी मुलगी अशी असते की जी वर्षातील कित्येक महिने आई-बापांबरोबर उसाच्या फडावर काढून आलेली आहे. तिची हजेरी कमी, अक्षर वाईट, वाचन अडखळत. शाळेच्या दृष्टीने ती ‘कच्ची’ मुलगी. पण मुकादम, उचल, खाडा हे शब्द तिला शिक्षिकेपेक्षा अधिक कळतात. मुकादमाशी कसे बोलावे लागते आणि कोठे गप्प बसावे लागते, हे त्या वर्गात तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नसते. नाटकाच्या त्या तासाला तिचे जगणे प्रथमच ‘ज्ञान’ ठरते आणि पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा तिला विचारू लागतो. श्रीमंतांच्या मुलांना नाटकाने आत्मविश्वास येतो म्हणतात. गरिबांच्या मुलांना त्याने प्रतिष्ठा मिळते. या दोहोंत फरक आहे. आत्मविश्वास विकत घेता येतो; प्रतिष्ठा इतरांनी मान्य करावी लागते, आणि ती एकाच वर्गात, सर्व थरांतील मुलांच्या समक्षच मान्य होऊ शकते.

फुल्यांपासून कॉव्हेंट्रीपर्यंत

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे म्हणणाऱ्यांना एक आठवण करून दिली पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. ग्रहांची भीती घालून एका कुणब्याला व त्याच्या गरोदर बायकोला लुबाडणारा जोशी, त्यांच्यात घडणारा वादविवाद आणि अखेरीस शिकण्याचा निश्चय करणारे ते जोडपे, असा त्याचा विषय. अज्ञानातून कर्ज कसे होते आणि शिक्षणाने माणूस प्रश्न कसा विचारू लागतो, हे सांगण्यासाठी फुल्यांना निबंधापेक्षा नाटक जवळचे वाटले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, आणि का नाकारले ते फुल्यांनी ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवले आहे. ते छापून लोकांसमोर यावयास १९७९ साल उजाडावे लागले. शिक्षण आणि नाटक यांची सांगड महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांपूर्वी शाळा चालविणाऱ्या माणसानेच घातली होती. ती परंपरा विसरली गेली, आणि विसरण्यात कोणाचे हित होते हे सांगावयास नको.

ही सांगड सार्वजनिक खर्चाने, योजनापूर्वक घालण्याचा प्रयोग मात्र इंग्लंडमध्ये झाला, आणि तो कसा उभा राहिला व कसा कोसळला हे कार्यकर्त्यांनी अभ्यासण्यासारखे आहे. कॉव्हेंट्री हे मोटारकारखान्यांचे, कामगारांचे शहर. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी त्याचा मध्यभाग उद्ध्वस्त केला. पुनर्बांधणीत १९५८ साली तेथे नगराचे नाट्यगृह उभे राहिले. युगोस्लाव्हियातील बेलग्रेड शहराने त्यासाठी लाकूड भेट दिले, म्हणून त्याचे नाव बेलग्रेड थिएटर. या नाट्यगृहाने १९६५ साली शाळांसाठी एक स्वतंत्र पथक उभे केले. त्यातील माणसे नटही होती आणि शिक्षकही. त्यांना वेतन होते आणि त्याचा भार नगराच्या तिजोरीने उचललेला होता. शाळांना एक पैसाही द्यावा लागत नसे. पथक शाळेत जाई ते पाचशे मुलांसमोर प्रयोग करण्यासाठी नव्हे. एका वेळी एखाद-दोन वर्गच घ्यावयाचे, नाटकात मुलांना सामील करून घ्यावयाचे आणि पेच असा उभा करावयाचा की निर्णय मुलांनाच घ्यावा लागेल, अशी त्यांची रीत होती.

१९७३ साली त्यांनी सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी ‘पाववाव’ नावाचा कार्यक्रम केला. एक काउबॉय मुलांसमोर येतो आणि पिंजऱ्यात कोंडलेला एक ‘इंडियन’ दाखवितो. हा रानटी आहे, याच्यापासून जपून राहा, असे बजावतो. पुढे मुलांची त्या कोंडलेल्या माणसाशीच ओळख होते, त्याचे जगणे त्यांना समजते, मैत्री जुळते. अखेर मुलांना ठरवावे लागते की आता कोणाचे ऐकावयाचे. वसाहतवाद हा शब्दही न उच्चारता वसाहतवादाचा प्रश्न सहा वर्षांच्या मुलासमोर ठेवला गेला, आणि उत्तर त्याच्या तोंडात कोंबले गेले नाही. मोठ्या मुलांसाठी १९७५ साली ‘एक्झाम्पल’ हे नाटक झाले. डेरेक बेंटली या एकोणीस वर्षांच्या मुलाला २८ जानेवारी १९५३ रोजी फाशी देण्यात आली होती. पोलिसाला गोळी घातली त्याच्या सोळा वर्षांच्या साथीदाराने. साथीदार वयाने लहान म्हणून वाचला आणि हा फासावर गेला. बेंटलीला लिहिता-वाचताही धड येत नव्हते. शाळेने आधी टाकलेल्या आणि न्यायालयाने नंतर टाकलेल्या या मुलाची कथा त्याच्याच वयाच्या मुलांनी पाहिली आणि तिच्यावर चर्चा केली. बेंटलीची शिक्षा १९९८ साली न्यायालयाने रद्द ठरविली. कॉव्हेंट्रीतील मुलांनी तो प्रश्न तेवीस वर्षे आधी विचारला होता.

कॉव्हेंट्रीच्या पाठोपाठ ब्रिटनमधील अनेक शहरांतून अशी पथके निघाली. पुढे थॅचर सरकारच्या राजवटीत १९८८ चा शिक्षण सुधारणा कायदा झाला. त्या कायद्यात नाटकाविरुद्ध एक अक्षरही नव्हते. स्थानिक शिक्षण प्राधिकरणांच्या हातातील पैसा शाळाशाळांकडे वळविण्यात आला आणि ज्या शाळेला जी सेवा हवी, ती तिने स्वतःच्या अंदाजपत्रकातून विकत घ्यावी, असे ठरले. याला स्वायत्तता म्हटले गेले. आतापर्यंत विनामूल्य येणाऱ्या पथकाला आता किंमत लावणे भाग पडले. मुख्याध्यापकासमोर प्रश्न उरला तो एवढाच की गळके छप्पर दुरुस्त करावयाचे की नाटकाचे पथक बोलवावयाचे. याचे उत्तर काय येणार, हे ठरलेलेच होते. नव्वदीच्या दशकात एकामागून एक पथके बंद पडली आणि ज्या कॉव्हेंट्रीत ही चळवळ जन्मली तेथील मूळ पथकही टिकले नाही. नाटकावर बंदी घालण्याची गरजच पडली नाही. त्याला किंमत लावली, एवढे पुरेसे झाले.

तीन आक्षेप

ही मागणी पुढे आली की तीन प्रकारचे आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप सहानुभूतीच्या सुरात येतो. जेथे शाळेला स्वच्छतागृह नाही, दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतात, तेथे नाटकाची चैन कशाला? या म्हणण्यातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. गरिबाच्या मुलाला आधी अक्षरओळख, मग जमल्यास विचार, असा क्रम लावणे म्हणजे त्याला कायमचे हुकूम पाळणारा ठेवणे होय. शिवाय नाटकाला खर्च लागतो तो माणसांचा; साहित्याचा जवळजवळ नाही. संगणकखोलीला वीज लागते, प्रयोगशाळेला उपकरणे लागतात. नाटकाला मोकळी जमीन, एक तास आणि शिकलेला शिक्षक पुरतो. ज्या शाळेत इतर काहीच परवडत नाही, तेथे हेच सर्वांत परवडणारे साधन आहे.

दुसरा आक्षेप बाजारवाद्यांचा. पालकांना हवे असेल तर ते पैसे देतील; शिबिरांना गर्दी होते ती मागणी आहे म्हणूनच, असे ते म्हणतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकविले जाते की मागणी म्हणजे नुसती गरज नव्हे, खिशातील पैशाचे पाठबळ असलेली गरज होय. वीटभट्टीवरच्या मुलाची गरज बाजाराच्या कोणत्याच खातेवहीत उमटत नाही. आणि प्रश्न विचारू शकणाऱ्या, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहू शकणाऱ्या नागरिकांचा लाभ साऱ्या समाजाला होतो. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना मिळतो तिची किंमत एकट्या ग्राहकाकडून वसूल करावयाची ठरविली, तर ती वस्तू समाजाला हवी त्याहून कमीच निर्माण होते. लसीकरण आणि रस्ते सार्वजनिक खर्चाने व्हावेत याचे जे कारण, तेच याचेही आहे.

तिसरा आक्षेप सरकारी आहे आणि तो अधिक चतुर आहे. तो मागणी नाकारत नाही. ती आधीच मान्य झाली आहे असे सांगतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने संगीत, नृत्य, दृश्यकला व नाट्य या चारही कला दहावीपर्यंत सर्वांना असाव्यात असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला-समाहित शिक्षणाचा पुरस्कार केला. कागदावर सारे आहे. पण शिकवावयाचे कोणी? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी निदेशकाची तरतूद आहे, परंतु ती सहावी ते आठवीच्या वर्गांपुरती, पट १०० च्या वर असेल तर, आणि तीही अर्धवेळ. वाडीवरची शाळा या अटीतच गळून पडते. मग ‘समाहित’ शिक्षणाचा भार येतो तो त्याच शिक्षकावर, ज्याला जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामे कायद्यानेच नेमून दिलेली आहेत. पद निर्माण न करता, प्रशिक्षण न देता, पैसा न देता एखादी गोष्ट ‘सर्व विषयांत मिसळून टाका’ असे सांगणे म्हणजे ती कोठेच करू नका असे सांगणे आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ साली शिक्षणातील नाटकासाठी स्वतंत्र पथक उभे केले आणि चांगले काम केले. परंतु दिल्लीतील एक पथक म्हणजे देशाची व्यवस्था नव्हे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, ही कोठारी आयोगाची (१९६४-६६) शिफारस २०२० च्या धोरणाने पुन्हा उच्चारली. साठ वर्षे एकच आकडा आश्वासनात राहतो, यावरून आश्वासनाचे मोल कळते.

उलट, जेथे हे काम सर्वांत सहज होऊ शकते त्या शाळाच मोडीत काढण्याकडे राज्यकर्त्यांचा कल राहिला आहे. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याची योजना आली. बारा मुलांची शाळा हिशेबनिसाला तोट्याची वाटते. हीथकोटबाईंच्या पद्धतीला मात्र बारा मुलांचा वर्ग म्हणजे भाग्य वाटले असते.

स्वतःच्या अंगणातला केर

येथवर दोष इतरांना दिला. आता चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जे काम केले, त्याचे ऋण मराठी रंगभूमीवर आणि समाजावर आहे. वसंत बापट यांच्यासारखे कवी आणि निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट त्या मुशीतून घडले. परंतु पुढे चळवळीतील पथनाट्यांना एक सवय जडली. हुंडाबंदी असो, व्यसनमुक्ती असो वा अंधश्रद्धा, संहिता मोठ्यांनी लिहावयाची, घोषणा मोठ्यांनी ठरवावयाच्या आणि मुलांनी त्या चौकात मोठ्याने म्हणावयाच्या. मुलांचे कोवळे आवाज ऐकून बघ्यांचे डोळे पाणावतात आणि कार्यक्रम यशस्वी झाला असे अहवालात लिहिले जाते. त्या मुलांना हुंड्याविषयी काय वाटते, त्यांच्या बहिणीच्या लग्नात काय झाले, हे कोणी विचारलेले नसते. सरकारही स्वच्छता अभियानासाठी मुलांना असेच चौकात उभे करते. घोषणा पुरोगामी आहे म्हणून पाठांतराचे शिक्षण होत नाही. ज्या मुलाला आज आपली घोषणा न विचारता म्हणावयास शिकविले, ते उद्या दुसऱ्याची घोषणाही तितक्याच निमूटपणे म्हणेल.

ही टीका डाव्या परंपरेला नवी नाही. रशियन क्रांतीनंतर लगेच, १९१८ साली, आस्या लात्सिस या लाटव्हियन बाईंनी ओरेल शहरात युद्धाने अनाथ झालेल्या आणि रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांना घेऊन बालरंगभूमी उभी केली. त्यांच्या अनुभवाच्या आधारे वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने विसाच्या दशकाच्या अखेरीस श्रमिकवर्गाच्या बालरंगभूमीचा एक कार्यक्रम लिहिला. त्याच्या हयातीत तो छापला गेला नाही. पोकळ शब्दांची मुलांवर काही सत्ता चालत नाही, तालमीच्या काळात जे घडते तेच खरे शिक्षण आणि प्रयोग हे त्याचे केवळ जोडउत्पादन, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. मुलांना क्रांतीचे भोंगे बनवावयाचे नाही, हे बेन्यामिनला शंभर वर्षांपूर्वी उमगले होते.

महाराष्ट्रातही वेगळ्या वाटेने जाणारे होते. सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ची बालरंगभूमी उभारून मुलांसाठीचे नाटक गंभीरपणे करावयाचे असते हे दाखविले. पुण्यात मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने १९८६ पासून बर्लिनच्या ग्रिप्सच्या धर्तीवर परीकथा सोडून मुलांच्या खऱ्या प्रश्नांची नाटके झाली. ही नाटके मुलांनी पाहावयाची होती. त्यापुढचे पाऊल टाकले ते रत्नाकर मतकरी यांनी. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने, त्यांनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. कष्टकऱ्यांच्या वस्त्यांमधील मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घ्यावयाचे, आपणच नाटिका रचावयाच्या आणि आपणच त्या सादर करावयाच्या, ही त्यामागची कल्पना. सहा दशके लेखन केलेल्या नाटककाराने स्वतःची लेखणी बाजूला ठेवून मुलांच्या तोंडी त्यांचीच भाषा राहू दिली, यातच त्या कामाचे मोठेपण आहे. मतकरी २०२० साली गेले. असे काम एका मोठ्या माणसाच्या पुण्याईवर आणि मूठभर कार्यकर्त्यांच्या चिकाटीवर किती काळ आणि किती वस्त्यांत चालणार? स्वयंसेवी कामाने वाट दाखवावी. त्या वाटेवर रस्ता बांधणे हे शासनाचे काम आहे. ते त्याच्याकडून करवून घेणे हे चळवळीचे काम आहे.

मागणी काय असावी?

मागणी नेमकी असली पाहिजे, नाहीतर ती ठरावाच्या कागदावर राहते. पहिली गोष्ट, आठवीपर्यंतच्या प्रत्येक वर्गाच्या वेळापत्रकात आठवड्यातून किमान एक तास नाटकाचा असावा आणि त्या तासाला परीक्षा, गुण व स्पर्धा नसाव्यात. शासनाच्या बालनाट्य स्पर्धा खुशाल चालाव्यात. त्यांत निवडक मुले जातात, आणि येथे प्रश्न न निवडलेल्यांचा आहे. दुसरी गोष्ट, शिक्षक प्रशिक्षणाच्या पदविकेत भूमिका घेऊन शिकविण्याची पद्धत प्रात्यक्षिकासह सक्तीची असावी. तिसरी गोष्ट, कॉव्हेंट्रीच्या धर्तीवर प्रत्येक तालुक्यात चार जणांचे एक वेतनी पथक असावे आणि ते शाळांना विनामूल्य असावे. तमाशा, दशावतार, झाडीपट्टी, शाहिरी यांतील तरुण कलावंतांना आणि विद्यापीठांच्या नाट्यविभागांतून बाहेर पडून वणवण करणाऱ्या पदवीधरांना प्रशिक्षण देऊन त्यांत घेता येईल.

याला किती पैसे लागतील? राज्यात ३५८ तालुके आहेत. तालुक्यामागे चार म्हणजे १,४३२ माणसे. प्रत्येकाला महिना ४० हजार रुपये वेतन धरले, तर वर्षाचा खर्च सुमारे ६९ कोटी रुपये होतो. प्रवास, साहित्य आणि प्रशिक्षण धरूनही आकडा १०० कोटींच्या आत राहावा. ज्या राज्याचा शालेय शिक्षणावरचा वार्षिक खर्च कित्येक हजार कोटींत मोजला जातो, त्याला हा बोजा असह्य आहे असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. तालुक्यामागे जिल्हा परिषदेच्याच शाळा सरासरी दीडशेहून अधिक पडतात. तेव्हा एक पथक एका शाळेत वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवसापेक्षा अधिक पोचू शकणार नाही, हेही खरे आहे. म्हणूनच पथकाचे मुख्य काम शिक्षकांना तयार करण्याचे असले पाहिजे. वर्षभराचे नाटक वर्गशिक्षकच घेईल, पथक त्याच्या पाठीशी राहील.

हे सारे मुंबईत मंत्रालयासमोर धरणे धरून एका दिवसात होणार नाही. पण त्याची सुरुवात गावात होऊ शकते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीला कायद्याने दिला आहे. बहुतेक गावांत तो आराखडा मुख्याध्यापक लिहितात आणि समिती अंगठा उठविते. पक्षाच्या किती कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या समितीची बैठक पाहिली आहे? किती जणांनी हा आराखडा वाचला आहे? येत्या वर्षी प्रत्येक शाखेने निदान एका शाळेच्या आराखड्यात नाटकाचा तास लिहून घ्यावा, त्यासाठी एका शिक्षकाला तयार करावे आणि तो तास बंद पडू देऊ नये. बैठकीत कोणीतरी विचारील की याचा उपयोग काय. त्याला व्याख्यान देण्यापेक्षा त्या तासाला वर्गात नेऊन बसवावे आणि फडावरून परत आलेल्या त्या मुलीचे बोलणे ऐकू द्यावे.